कोनी आयलंडवरचे चार घास

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कोनी आयलंडच्या समुद्राजवळ, नेथन हँडवर्कर यांनी १९१६ साली पाच सेंटला एक याप्रमाणे हॉट डॉग विकावयास आरंभ केला. तो ठेला आजही त्याच कोपऱ्यावर आहे. माझ्या मुलाचा हट्ट हे निमित्त. खरे तर बाबांना घराबाहेर काढायचे होते. आई गेल्यापासून त्यांचे जेवण दोन घासांवर आले होते. रेल्वे स्थानकात चाकांच्या खुर्चीची सोय असल्याने तेथवर पोहोचणे सुकर झाले.

हॉट डॉग गोमांसाचा, म्हणून बाबांना वर्ज्य. शिवाय अर्धांगवायूनंतर त्यांना गिळताना ठसका लागतो. तसा गोल, निसरडा तुकडा घशात अडकण्याचे भय होतेच. मी तळलेले बटाटे घेतले, तेही मीठ न घालता. त्यांना ताठ बसवून आतला मऊ गर काट्याने कुस्करला आणि एकेक लहान घास दिला. शेजारी नातू हॉट डॉग खात होता. बाबांनी पाहून न पाहिल्यासारखे केले.

वारा खारा होता. बाबा समुद्राकडे पाहत म्हणाले, “चौपाटीवर तुझी आई निम्मी भेळ माझ्यापुढे सरकवायची.”

मग कागदी द्रोणात डोकावून त्यांनी विचारले, “आहेत का गं आणखी?”