मुंबई ते लंडन : आकाशमार्गाचें अंतर

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून पाहावा. सुएझची वाट मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या आम्हां जुन्या शिक्षकांस नवल वाटेल. दोरा तांबड्या समुद्राकडे फिरकतहि नाहीं. इराण ओलांडून तो कास्पियन, कॉकेशस व काळा समुद्र यांवरून जातो. हें अंतर सुमारें ४,५०० मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटर भरतें.

८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला गेलें. आज मध्यें न उतरतां जाण्यास साडेनऊ-दहा तास पुरतात. येतांना उंचावरील पश्चिमेचे वारे पाठीशीं असल्यानें तासाभराची बचत होते. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पकांतून सीतेला खालचा प्रदेश दाखवितो. आमच्या रात्रीच्या प्रवाशाला मात्र बहुतेक काळोखच दिसतो!

पण ज्या घरचा मुलगा तिकडे आहे, तेथें या तासांचा हिशेब निराळा. आगबोटीला दोन-तीन आठवडे लागत. वडील गेल्याची तार मिळतांच निघालेला मुलगा घरीं पोंचेपर्यंत तेरावाहि बहुधा उरकलेला असे. गेल्या वर्षीं आमच्या आळींतील एका वृद्ध गृहस्थांची अंत्ययात्रा दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत थांबविली होती. लेक लंडनहून विमानतळावर उतरून थेट घरीं आला, आणि अग्नि त्यानेंच दिला.