वेष्टनावरचे नाव

दुसऱ्याची चूक शोधून ती चारचौघांत मांडणे, हा आम्हां वकिलांचा शिरस्ता. आज तो मोडून स्वतःचीच एक चूक सांगावयास बसलो आहे. ती घडली एका गीतसंग्रहाच्या वेष्टनावर आणि त्याच्या मासिकातील जाहिरातीत. म्हणजे वकिलाने ज्या वाटेस सहसा जाऊ नये, त्या वाटेवर.

समुद्रकाठच्या वाचकांस सौंसर हे नाव अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून आधी गावाविषयी दोन शब्द. नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. सभोवार संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून आम्ही नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलो. जिल्हा बदलला, तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी ही आमची जुनी रीत काही बदलली नाही. ज्या मासिकात मराठी व कोंकणी शेजारी-शेजारी नांदतात, त्याच्या वाचकांना या रीतीचे नवल वाटू नये. आमच्याच तालुक्यात जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे दर्शनास मोठी रीघ लागते.

आमच्याकडे एक तरुण गायक आहे. गणेशोत्सवात, जागरणात, लग्नाच्या वरातीत, सर्वत्र त्यालाच बोलावणे असते. तो मारुतीची भजने म्हणतो, परंतु मृदंग-टाळांच्या ऐवजी विजेची वाद्ये आणि मोठमोठे नगारे साथीला घेऊन म्हणतो. आणि पोरे नाचतात. जुन्या मंडळींना हे रुचत नाही. मला ते अगदीच अप्रिय आहे असे मात्र म्हणवत नाही. त्याने आठ गाण्यांचा एक संग्रह सिद्ध केला आणि एके दिवशी तो माझ्याकडे आला. "काका, कव्हर बनवायचं आहे, आणि मासिकात जाहिरात पण. तुम्ही लिहिता, तुम्हीच मजकूर लिहून द्या." लेखक म्हटल्यावर वकील विरघळतो. मी होकार दिला.

आता गाणी मोबाईलवर ऐकली जातात, मग वेष्टन हवे कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आला होता. परंतु देवळाबाहेरच्या दुकानांतून भाविक मंडळी अजूनही सी. डी. वा पेन ड्राइव्ह घरी नेतात. त्यांना प्रसादासारखी हाती धरता येईल अशी वस्तू हवी असते. म्हणून पुठ्ठ्याचे एक घडीचे पाकीट करावयाचे, आतील वस्तू कोणतीही असो, असे ठरले. पाचशे प्रती छापावयाच्या. नागपूरच्या एका छापखान्यात आकृत्या जुळविणारा एक हुशार मुलगा होता. तो सुटीच्या दिवशी सौंसरास येई आणि आमची बैठक माझ्याच दिवाणखान्यात बसे.

पहिला वाद चित्राचा. गायकाला स्वतःचे काळ्या चष्म्यातले छायाचित्र मोठे हवे होते. मी म्हणालो, "मारुती निजलेला आणि भक्त चष्मा लावून उभा, हे बरे दिसेल का?" अखेर समेट झाला. पुढच्या बाजूस पिंपळ आणि त्याच्या छायेत पहुडलेल्या मूर्तीची बाह्यरेषा. गायक मागच्या बाजूस, आणि चष्म्याविना. रंग शेंदरी.

दुसरी अडचण जाहिरातीची. वेष्टन आणि जाहिरात ही जुळी भावंडे असावी लागतात. मासिकात जे पाहिले तेच दुकानात डोळ्यांपुढे आले म्हणजे गिऱ्हाईकाचा हात आपोआप पुढे होतो. परंतु ज्या मासिकात पाव पान घेतले होते, त्याची आतली पाने एका शाईची. आमचा शेंदूर तेथे राखाडी होणार! तेव्हा त्या मुलाने एक मर्माची गोष्ट सांगितली: ओळख रंगावर सोपवू नका, ती रेषेवर आणि अक्षरावर सोपवा. पिंपळाची रेषा तीच, नावाचे अक्षरवळण तेच, मजकुराची मांडणी तीच. मग रंग गेला तरी चेहरा राहतो.

अक्षर म्हटल्यावर तिसरा वाद उद्भवला, आणि तो तीन संध्याकाळ पुरला. देवस्थानाचे नाव हिंदीत 'जामसांवली' असे लिहितात. आम्ही घरी 'जामसावळी' म्हणतो. गायकाचे म्हणणे, ऐकणारे छिंदवाड्याचेही आहेत, 'ल' घाला. माझे म्हणणे, 'ळ' हे आमच्या बोलीचे कुलचिन्ह आहे, ते सोडणार नाही. मी 'ळ'ची बाजू अशी काही लढविली की, अशील असते तर त्याने दुप्पट फी दिली असती. अखेर 'ळ' जिंकला.

त्या बैठकींत मी त्या दोघांना विद्वत्तेचे घोटही पाजीत असे. पूर्वीच्या तबकड्या साध्या कागदी पाकिटांत येत. पाकिटाच्या मधोमध गोल भोक असे, आणि त्यातून आतल्या लेबलावरचे नाव वाचावयाचे. अशी पाकिटे वहीसारखी बांधून ठेवीत, म्हणून तिला 'अल्बम' म्हणू लागले. वही गेली, शब्द तेवढा उरला. वेष्टनावर चित्र काढावे ही कल्पना अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास रूढ केली. त्याही आधी, १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच ती स्वतःचे नाव उच्चारीत असे. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तेथल्या कामगारास कोणाचा आवाज कोणता हे कळावयास दुसरा मार्ग नव्हता.

आणि वकील असल्यामुळे माझी सर्वांत आवडती गोष्ट वऱ्हाडातली. ना. घ. देशपांडे हे मेहकरचे वकील; त्यांची 'शीळ' ही कविता गोविंदराव जोशी यांनी १९३२ साली तबकडीवर गायिली, आणि मराठी भावगीत घरोघर पोहोचले. हे जोशीही वकिलीची परीक्षा झालेले. पुढे १९३८ साली त्यांनी 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीत नोकरी धरली आणि मोठमोठ्या गवयांची गाणी मुद्रित केली. एका वकिलाने लिहावे, दुसऱ्याने गावे. तिसऱ्याने निदान वेष्टनाचा मजकूर लिहिण्यास काय हरकत आहे, असा माझा डौल होता.

तो मजकूर मी लिहिला. गायकाचे नाव, वादकांची नावे, ध्वनिमुद्रकाचे नाव, वर्ष. सात गाण्यांखाली कवींची नावे. आठवे गाणे मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेले; आमच्या साऱ्या खेड्यांतून ते म्हटले जाते. गायकाने विचारले, "काका, याचं कोणाचं नाव?" मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "पारंपरिक." पुस्तकी भाषेत सांगावयाचे तर, ज्या मालमत्तेवर कोणी हक्क सांगत नाही ती सर्वांची, असा हिशोब मी मनात केला. जाहिरात वेष्टनाची जुळी; तेव्हा तोच शब्द तेथेही गेला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक बाई माझ्या कचेरीत आल्या. हातात शाळकरी वही, कव्हर गळालेले, कडा कुरतडलेल्या. जवळच्याच खेड्यातल्या. वही टेबलावर ठेवून म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे आमच्या मामंजींचं अक्षर." पानावर ते आठवे गाणे होते. खाली तारीख १९७१ ची. तीन ठिकाणी शब्द खोडून दुसरे लिहिले होते. आणि जे अखेरीस ठेवले होते, तेच आजी म्हणत असे. खोडाखोड पाहिल्यावर आणखी पुराव्याची गरज उरली नाही. नक्कल करणारा खोडीत नसतो. ज्याला शब्द सुचत असतो, तोच खोडतो.

पानाच्या शेवटी एक कडवे होते. आमच्या गायकाने गाणे चार मिनिटांत बसवावे म्हणून तेच नेमके गाळले होते. त्यात 'दास' असा शब्द येतो. मारुती हा रामाचा दास. तेव्हा हे देवाचेच विशेषण असे मी चाळीस वर्षे समजत आलो. तो कवीचा स्वतःविषयीचा निर्देश होता! नामदेव-तुकारामांपासून आपल्याकडे अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालण्याची चाल आहे. गौहरजानने तबकडीच्या शेवटी जे केले, ते आमचे संत शतकानुशतके करीत आले होते. वेष्टन हरवते, वही फाटते, म्हणून नाव गाण्याच्याच पोटात ठेवावयाचे. ही गोष्ट मला ठाऊक होती. आजीच्या तोंडी ते कडवे मी शेकडो वेळा ऐकले होते. तरी मी विचारले नाही. 'ळ'साठी तीन संध्याकाळ भांडलो आणि एका माणसासाठी एक मिनिट थांबलो नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही माझे तोंड बंद होते. मामंजी १९९८ साली वारले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतरचे साठ वर्षांचे संरक्षण त्या गाण्यास २०५८ अखेरपर्यंत आहे. १९८४ साली त्याच कायद्यात कलम ५२-अ आले. ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे व कृतीच्या हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापले पाहिजे, असे ते सांगते. कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहेच. पूर्वी हा एक हक्क कर्त्याच्या वारसांना बजावता येत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने तो त्यांनाही मिळाला. म्हणजे समोर बसलेली बाई आणि तिचा नवरा मला कोर्टात खेचू शकत होते, आणि त्यांचे वकीलपत्र मी आनंदाने घेतले असते, अशी ही बळकट केस!

मी भरपाईचा विषय काढला. त्यांनी हात हलविला. "पैसा नाही पायजे, वकीलसाहेब. नाव तेवढं घाला. पोरं शाळेत सांगतात, हे आजोबाचं गाणं आहे. तर मास्तर कव्हर दाखवतात."

या शेवटच्या वाक्याने मी जितका खजील झालो, तितका कोणत्याही नोटिशीने झालो नसतो. माझा एक शब्द छापील झाला होता, आणि छापील शब्दापुढे एका घराची खरी आठवण लटकी ठरत होती.

त्या रात्री मला आपल्याकडच्या देवळांचे स्मरण झाले. दीपमाळ कोणी बांधली, पायऱ्यांना फरशी कोणी दिली, त्यांची नावे दगडात कोरलेली असतात, ती असावीतच. परंतु त्या देवापुढे रोज जी गाणी म्हटली गेली, ती कोणाची? गोव्याने मंगेशीचे दीनानाथ दिले, केरीच्या केसरबाई दिल्या. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सूर्यमालेपलीकडे धाडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, आणि मराठीतला नमस्कारही आहे. त्या तबकडीच्या वेष्टनावर केवळ आकृत्या आहेत, ती कशी वाजवावी हे परक्यास सांगणाऱ्या. दुसरे यान सुटून अकरा दिवस होताच, १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांचे नाव पृथ्वीवरील यादीत तरी अक्षय राहिले. त्यांच्या मागे देवळांतून गात गेलेल्या किती पिढ्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही! त्यांच्यासाठी आपल्याजवळ एकच शब्द आहे, 'पारंपरिक'. कित्येक वेळा तो शब्द खरा असतो, आदराचाही असतो. परंतु पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच की, आपण विचारले नाही.

दुसऱ्याच दिवशी गायकास बोलावले. तो थोडा कुरकुरला, मग वही पाहून गप्प झाला. पाचशेपैकी एकशे ऐंशी पाकिटे शिल्लक होती. नावाच्या चिठ्ठ्या छापून आम्ही तिघांनी त्या खळीने एकेक चिकटविल्या. माझी बोटे दोन दिवस चिकट होती. शेवटचे कडवे त्याने नव्याने मुद्रित केले आणि गाणे साडेपाच मिनिटांचे झाले. पोरे नाचतात तशीच नाचतात. पुढच्या महिन्याच्या मासिकात पुन्हा पाव पान घेतले, या वेळी माझ्या खर्चाने: तोच पिंपळ, तीच अक्षरे, तीच चौकट, एका ओळीपुरता फरक. दुरुस्ती आडबाजूस बारीक टाइपात छापण्याची रीत आहे. परंतु चूक जेवढ्या जागेत केली, तेवढ्याच जागेत ती कबूल करावी, असे मला वाटले. मोबाईलवर वेष्टनाचे चित्र नखाएवढे दिसते, त्यावर नावे वाचताच येत नाहीत. तेव्हा कागदावरची ती एक ओळ मला अधिकच मोलाची वाटली.

तीनशे वीस पाकिटे मात्र आधीच घरोघर गेली होती. ती परत येणार नाहीत. कोणत्या तरी देव्हाऱ्याजवळ माझा तो शब्द अजून पडून आहे.

कवीचे नाव मी येथे लिहीत नाही. घरच्यांनी ते गाण्याशेजारी मागितले होते. माझ्या लेखास शोभा यावी म्हणून नव्हे.

चिठ्ठी लावलेले पहिले पाकीट घेऊन मी त्या खेड्यात गेलो. बाईंनी ते उजेडात धरले आणि अक्षरावर अक्षर बोट ठेवीत नाव वाचले. त्यांच्या आडनावात 'ळ' आहे. छापखान्यातल्या त्या मुलाने तो या वेळी कोणालाही न विचारता बरोबर घातला होता.