खतावणी पुरी होईपर्यंत

नवागाम सुरतेत असले तरी तेथील गल्ल्यांतून कानी पडते ती अहिराणी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे पोटासाठी तापी खोऱ्याच्या रेल्वेने आली आणि येथेच रुजली. माझे काका त्यांपैकीच. सुट्टीत त्यांच्या शब्दावर मला एका कापड-व्यापाऱ्याच्या कचेरीत संगणकाचे काम शिकायला मिळाले.

एके सकाळी वीज गेली. ती परतली, पण मेल सर्व्हर काही उठेना. दहा मिनिटे झाली, वीस झाली. कोलकात्याची मोठी ऑर्डर त्याच दिवशी यायची होती. शेठ गरजले, "बंद करून पुन्हा चालू कर!" मी बटणाला हात लावला नाही. माझी रवानगी झाली असती तर हरकत नव्हती, पण काका त्याच शेठच्या गोदामात पॅकिंगला होते!

सुरतेच्या बाजारात हे समजावणे मात्र सोपे. व्यवहार आधी रोजमेळात टिपायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. पत्रांचे कोठारही तसेच चालते. मध्येच वीज गेली की काही नोंदी रोजमेळातच राहतात. चालू होताच सर्व्हर त्या एकेक करून खतावणीत चढवतो. मुनीमाच्या हातून वही ओढली, तर तो पुन्हा पहिल्या पानापासून बसणार. शेठ गप्प झाले.

पण काम चालू आहे की अडले आहे, हे ओळखायचे कसे? डिस्कचा दिवा पाहावा, नोंदींची फाईल वाचावी. फाईलीत खतावणी पुरी झालेली दिसली आणि तरीही पुढे सामसूम! अडला होता तो पत्रांची ने-आण करणारा सेंडमेल. एरिक ऑलमन यांनी बर्कलेत लिहिलेला हा १९८०च्या दशकातला जुना गडी. त्याला आधी स्वतःचे पूर्ण नाव लागते. ते सापडले नाही की मिनिटभर झोपतो आणि पुन्हा विचारतो. नावे सांगणारे यंत्र त्याच कपाटात, विजेच्या धक्क्याने बंदच पडलेले! ते आधी चालू केले. शिवाय सर्व्हरचे पूर्ण नाव त्याच्याच होस्ट्स फाईलीत लिहून ठेवले. सेंडमेल लगेच जागा झाला.

आणि ऑर्डर? समोरचे दार बंद दिसले म्हणून पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. निदान चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असा संकेत आहे. दुपारी ती आली. काका त्या रात्री गोदामातून उशिरा परतले.