बांध्याची नक्कल

आमच्या भिवंडीच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात स्पोर्ट्‌स कारवरून सगळ्यात मोठा वाद झाला तो पहिला पाइप कापायच्या आधी. धाकट्या भावाला लॅम्बोर्गिनी हवी होती. खरी कुठली, दिसायला तशी: जुनी होंडा सिव्हिक घ्यायची, पत्रा उतरवायचा, वर फायबरचं कवच चढवायचं आणि दारं आकाशाकडे उघडतील असे बिजागर लावायचे. हा उद्योग करणारे देशात पुष्कळ आहेत. आसामात करीमगंजच्या नुरुल हक या मेकॅनिकने लॉकडाउनमध्ये मारुती स्विफ्टची अशी गाडी केली, २०२१ मध्ये तिची बातमी सगळीकडे फिरली. त्या माणसाच्या हाताला सलाम आहे. पण चेहरा बदलला तरी गाडी आतून स्विफ्टच राहते, हे माझं म्हणणं. मी भावाला 'मायामी व्हाइस' मालिकेची गोष्ट सांगितली. तिच्यातली काळी फेरारी मुळात कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर उभी केलेली नक्कल होती. फेरारीने हरकत घेतली, आणि पुढे मालिकेत खरी टेस्टारोसा आली. भाऊ म्हणाला, "बघ दादा, नकली केली म्हणून खरी मिळाली!"

माझ्या डोक्यात होती लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरने १९५७ मध्ये आणलेली, पत्र्याच्या लांबट खोक्याला चार चाकं लावावीत तशी गाडी. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. अट एकच, किटसोबत जोडणीची माहिती द्यायची नाही. म्हणून म्हणे लोटसवाले गाडी खोलायची कृती देत, गिऱ्हाइकाने ती शेवटून वाचायची. ही चलाखी कुठल्याही भिवंडीकराला मनापासून पटेल. १९७३ मध्ये गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी याचं पुस्तकच काढलं. त्याची गाडी फोर्ड एस्कॉर्टच्या सामानावर होती. गाभा होता एक इंची चौकोनी पाइपचा, दीड मिलिमीटरहून किंचित जाड भिंतीचा सांगाडा. म्हणजे आम्ही गोदामांच्या जाळ्यांना आणि जिन्यांना रोज वापरतो तोच माल. नक्कल करायची तर बांध्याची करावी, आणि हा बांधा आमच्या गाळ्यात जमण्यासारखा होता. गाळा माझ्या नावावर असल्याने निकाल माझ्या बाजूने लागला.

एस्कॉर्टच्या जागी काय? इंजिन पुढे उभं, मागच्या चाकांना ताकद, मागे अखंड अॅक्सल असं सामान हवं. जिप्सीचं मिळालं असतं, पण ते जड आणि महाग. मारुती ओम्नी मात्र अगदी मापाची: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, तिथून शाफ्ट मागे. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही आत. भावाने कपाळावर हात मारला. पण गाडीच साडेपाचशे किलोच्या आसपास होणार असेल तर तेवढ्यातही मजा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, स्टिअरिंग असं सगळं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं. तिथे घासाघीस हिंदीत करावी, मराठीत केली तर दुकानदार पावतीचं विचारतो.

सांगाडा आधी नुसत्या टाक्यांवर उभा केला, कर्ण मोजले, मग एक टाका डावीकडे तर एक उजवीकडे असं करत वेल्डिंग पुरं केलं. एकाच बाजूने सरळ चालत गेलं की उष्णतेने सांगाडा पिळतो. अॅक्सलला तर त्याहून जपावं लागलं. ओम्नीचे पाटे काढून तिथे कॉइल स्प्रिंगसाठी नवे ब्रॅकेट जोडायचे होते. थोडं जोडायचं आणि थंड होईपर्यंत चहा प्यायचा.

खरं अडलं गिअरपाशी. ओम्नीत ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे येतो, त्यामुळे लिव्हरची जोडणी मागे जाते. आमच्या गाडीत माणूसच मागे सरकला, मग जोडणी पुढे न्यायची. ती नुसती उलटी फिरवली तर पहिल्याच्या जागी दुसरा पडतो. हे सोडवलं शेजारच्या चाचांनी. चाचांनी उभी हयात यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढली. आता त्यांच्या शेडमधले माग भंगारात वजनावर गेलेत आणि तिथे कुरिअरचं गोदाम आहे. मागावर धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो तो दांड्या आणि खिळींच्याच खेळाने. चाचा जमिनीवर उकिडवे बसले, खडूने दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "बेटा, बीच में एक पट्टी डाल, कील पे घूमने वाली. दिशा पलट जायेगी." मधोमध खिळीवर फिरणारी ती पट्टी अजून तिथेच आहे. पुस्तकात हे नाही. इंग्लंडात जॉबर कुठून आणणार?

गाडीला नंबर मिळणार नाही हे मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती वाट कंपन्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून नंबर देण्याची सोय आहे, आपल्याकडेही ती का असू नये असं मला वाटतं. जुन्या गाडीच्या नंबरावर नवी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं बजावलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप केली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच ती नियमात बसत नाही हेही म्हटलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली.

आम्हाला कोणी बोलेरो देऊ केलेली नाही. ओळखीच्या गोदामवाल्याचं आवार रविवारी कंटेनर नसले की मोकळं असतं, तिथे चालवतो. बसल्या जागेवरून हात टेकला तर जमिनीला लागतो, त्यामुळे चाळीसचा वेग शंभराचा वाटतो. न्यायची ती आयशर टेम्पोतून. गेटवरचा वॉचमन नियमाचा पक्का आहे. तो टेम्पोचा नंबर लिहितो आणि मालाच्या रकान्यात दर वेळी नोंद करतो: गाडी, १ नग.