जितका – तितका : एका लाल फुलीची गोष्ट



आज थोडं व्याकरण आणि थोडी माझी चूक.

मी अमळनेर-पारोळा भागातल्या एका खेड्यात चौथीला शिकवते. दिवाळीनंतरचे दिवस होते, घरोघरी कापूस वेचणी चालू होती. मी फळ्यावर लिहिलं, ‘जितका अभ्यास कराल, तितके गुण मिळतील.’ आणि मुलांना सांगितलं, असंच एक वाक्य लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीत होतं : ‘माय जितला कापूस येचस, तितला पैसा भेटतस.’

मी लाल फुली मारली. बाजूला लिहिलं, ‘शुद्ध लिही.’ त्यानंतर ती पोर आठवडाभर हात वर करेना. काही विचारलं की मान खाली.

खरं सांगू? माझं बालपण धुळे तालुक्यात अहिराणीतच गेलं. तरी मला दिसलं नाही की तिचं वाक्य माझ्यापेक्षा सरस होतं! वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दुप्पट कापूस, दुप्पट पैसे. हेच तर समप्रमाण. अभ्यास आणि गुणांचं तसं कुठे असतं? आणि ‘जितला-तितला’ म्हणजे आपलं ‘जितका-तितका’च की.

मग मी तीच वही घेऊन वर्गापुढे गेले. फुली माझी चुकली, असं सांगितलं आणि तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. शेजारी प्रमाण मराठीत : ‘आई जितका कापूस वेचते, तितके पैसे मिळतात.’ मुलांनीच जोड्या लावल्या : जितला-जितका, तितला-तितका.

त्यातून पुढचा धडा निघाला. मोजमाप सांगायचं असेल तर जितका-तितका, जेवढा-तेवढा. हळूहळू होणारा बदल सांगायचा असेल तर जसजसा-तसतसा. ‘जसजसा सूर्य वर येतो, तसतशी सावली लहान होते.’ इथे एक वाढतं, दुसरं घटतं, तरी जोडी तीच. लिंग-वचनाप्रमाणे रूप मात्र बदलतं : तसतसा, तसतशी, तसतसे. ही सगळी मिश्र वाक्यं. फ्रेंचमध्ये अशा वेळी ‘जास्त’ या अर्थाचा ‘प्ल्यू’ हा एकच शब्द दोन्ही भागांच्या सुरुवातीला येतो. आपल्याकडे ‘ज’ला ‘त’ उत्तर देतो, आणि अहिराणीतही तसंच.

तास संपता संपता त्या मुलीचा हात वर आला. म्हणाली, “बाई, जसजसं ऊन चढस, तसतसा मायना हात हळू चालतस.”

या वेळी मी लाल पेन उघडलंच नाही.

पालकहो, मुलं घरी ज्या बोलीत बोलतात, तीत बोलू द्या. आणि शिक्षक मित्रांनो, फुली मारण्याआधी वाक्य एकदा मोठ्याने वाचून बघा. जितकं आपण ऐकू, तितकी मुलं बोलतील.