संशयाचें मोल

उत्तरपत्रिका तपासण्यांत माझ्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें गेलीं; परंतु त्यांत ‘कदाचित्’ हा शब्द मला क्वचितच आढळला. संशय दाखविला कीं गुण जातात, ही समजूत आपण मुलांच्या मनांत फार लवकर रुजवितों. वास्तविक संशयाचें कुळ केवढें थोर! न्यायशास्त्रानें आपल्या सोळा पदार्थांत त्याला प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरें स्थान दिलें. जें सर्वस्वी अज्ञात आहे किंवा जें ठरूनच गेलें आहे, तेथें न्यायाला काम नाहीं. संदिग्ध विषयांतच तो प्रवृत्त होतो, असें वात्स्यायन सांगतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६४१ सालच्या ग्रंथांत इंद्रियांवर, गणितावरही संशय घेतला. आणि संशय घेणारा तरी आहेच, या निश्चयावर तो टेकला. या दोघांचाही संशय ही पायरी आहे.

कवींची गोष्ट निराळी. हें मुख कीं चंद्र, असें विचारणाऱ्या नायकाला उत्तर पक्कें ठाऊक असतें. त्याचा संशय हा दागिना. साहित्यशास्त्रांत तो ‘ससंदेह’ या नांवानें अलंकारांतच गणला आहे.

परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्त पाहा. सात ऋचांचें तें सूक्त. सृष्टि कोठून झाली हें तिचा अध्यक्ष तरी जाणतो, कीं तोही जाणत नाहीं, येथें येऊन ऋषि थांबतो. हा संशय पायरीही नव्हे, दागिनाही नव्हे. तो मुक्काम आहे. एकदां वर्गांत हें सांगत असतां एकानें विचारलें, “मग सर, परीक्षेंत उत्तर काय लिहावयाचें?” वर्ग हंसला. मी म्हणालों, “ऋषि जेथें थांबला तेथें थांबा.” त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

आणखी एक संशय ओटीवरच्या गप्पांत फार चालतो. “मी कांहीं म्हणत नाहीं, पण त्यांचें वागणें जरा चमत्कारिकच, नाहीं का?” येथें आरोप तर करावयाचा असतो, पण पुराव्याचें ओझें नको असतें. शब्द तेच, नम्रताही तीच. मात्र किंमत मोजतो तो दुसराच, आणि तोही आपल्या अब्रूनें!

संशयात्म्याचा नाश होतो, हें गीतावचन मला कोणी ऐकवील. पण गीतेचा जन्मच अर्जुनाच्या संशयांतून झाला. आणि तो बोलून दाखवितांना अर्जुनानें हातांतलें धनुष्य खालीं टाकलें होतें, हें विसरून चालणार नाहीं.