परदेशातून आणलेले हत्यार

माणूस परदेशात काय पाहून आला यावरून त्याची पारख करू नये. तो तिथून काय विकत घेऊन आला ते पाहावे. पाहण्याच्या गोष्टी सहलीच्या पत्रकात छापलेल्याच असतात आणि एकाच देवळासमोर, एकाच कोनातून सर्वांचे फोटो निघतात. पण बॅग उघडली की मनुष्य कळतो. आमच्या शेजाऱ्यांनी स्वित्झर्लंडहून गाईच्या गळ्यातली घंटा आणली. ती आता त्यांच्या दाराला टांगलेली आहे आणि दूधवाला आला की वाजते. आमच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक युरोपातून परतले ते हॉटेलांतल्या साबणाच्या सतरा वड्या घेऊन. त्यांचा विषय त्यांना पचलेला आहे, एवढे मला त्या दिवशी पटले.

मी जपानहून दोन खोकी आणि एक हत्यार आणले.

दचकू नका. आमचे अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, तेहतीस वर्षे होते. तिथे कानस, पक्कड, चिमटा, पाना या सगळ्यांना हत्यारच म्हणतात. आमच्या घरात हा शब्द तुळशीपत्राइतका निरुपद्रवी आहे. बाहेर तो जपून वापरावा लागतो, हे मला पुढे विमानतळावर समजले.

या छंदाचा आरंभ २०२० च्या टाळेबंदीत झाला. चिरंजीवांचा वेळ जावा म्हणून मी विमानाचे एक मॉडेल मागवले. दोन दिवसांत चिरंजीवांचा उत्साह मावळला आणि खोके माझ्या टेबलावर आले. ज्यांनी ही चीज पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅस्टिकच्या काड्यांची एक चौकट असते. डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे तिला विमानाचे सुटे भाग लगडलेले असतात. प्रत्येक भागाला आकडा असतो. देठापासून भाग कापायचा, देठाची खूण घासायची, भाग चिकटवायचा आणि मग रंग द्यायचा. सोबतच्या कागदावर सगळे चित्रांनी सांगितलेले असते. अक्षर न कळता आशय कळणारे वाङ्मय असू शकते, यावर माझा तोवर विश्वास नव्हता.

मी देठ नेलकटरने कापत असे. एकदा अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले,

"विमान बांधतोयस की त्याची नखं काढतोयस?"

एवढे बोलून ते निघून गेले. माझ्या हाताला वळण नाही, हे त्यांचे मत मला लहानपणापासून ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते.

२०२३ च्या मे महिन्यात माझा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सुटीत या की इकडे." तो तोक्योत निशी-कासाई भागात राहतो. तिथे आपली माणसे इतकी आहेत की जिन्यात मराठी ऐकू आले तर कोणी वळूनही पाहत नाही. निघताना सौभाग्यवतीने यादी दिली आणि वर बजावले, "तुमची ती खोकी आणू नका. घरात चार न उघडलेली पडली आहेत." मी म्हटले, "न वाचलेली पुस्तकं तर चारशे आहेत." ती म्हणाली, "तेच म्हणते मी."

अण्णांना विचारले, "तुम्हाला काय आणू?" ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "मला काही नको. तुझ्यासाठी एक बरा कटर आण. ते नेलकटर बघवत नाही."

तोक्योला पोहोचल्यावर मेहुण्याने विचारले, आधी देऊळ की आधी मनोरा? मी म्हटले, आधी शिम्बाशी. त्या स्टेशनाबाहेरच्या चौकात एक खरेखुरे वाफेचे इंजिन उभे करून ठेवले आहे आणि तिथून जवळच तामिया कंपनीचे दुकान होते. या कंपनीची कथा मी आधी वाचली होती. १९४६ साली शिझुओका शहरात निघालेली ती लाकडाची वखार. पुढे ती लाकडाची मॉडेले करू लागली आणि १९६० साली तिने प्लॅस्टिकचे पहिले मॉडेल काढले, ते 'यामातो' या युद्धनौकेचे. काही काळाने रणगाडे आले. जगभर रणगाड्यांची आणि लष्करी गाड्यांची मॉडेले १/३५ या प्रमाणात करतात. पस्तीसच का, पन्नास किंवा पंचवीस का नाही, असे मला नेहमी वाटे. कारण मोठे गमतीचे आहे. पहिला पँथर रणगाडा बाजारात आला तो मोटारीवर चालणारा होता. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून अंग तेवढे ठेवले. मग मोजून पाहिले तर मूळच्या सुमारे पस्तिसावा भाग भरला! कंपनीला मोठी करणारे तामिया शुनसाकु २०२५ साली वारले. ही हकिकत त्यांनीच सांगून ठेवलेली आहे. बॅटरीच्या मापावरून जगाचे प्रमाण ठरले. भाषेतले पुष्कळ नियम असेच ठरलेले असतात, पण ते मी वर्गात सांगत नाही.

दुकानात शिरलो आणि सौभाग्यवतीची ताकीद दारातच राहिली. विमाने, नौका, मोटारी, जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी. सराफकट्ट्यावर बायका जशा 'नुसते बघतो आहोत' म्हणतात, तसे मी मेहुण्याला म्हणालो आणि अर्ध्या तासात दोन खोकी काखोटीला मारली. एक फोक्सवॅगन बीटल आणि दुसरी विलिस जीप. जीप १/३५ ची. खरी जीप सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक. म्हणजे ही साडेनऊ सेंटिमीटर भरणार. तिच्यावर हात पडला तो अण्णांमुळे. लहानपणी गावात मामलेदारांची जीप आली की पोरे धुरळ्यात मागे धावत, असे ते सांगतात.

पण हत्यारांची भिंत मी पाहिली ती अकिहाबाराला, योदोबाशीच्या अजस्र दुकानात. कानशी, चिमटे, केसाएवढे भोक पाडणारी हाताची गिरमिटे, चारशे नंबरापासून हजारांपर्यंतचे पॉलिशपेपर. पाते मोडून पुढे सरकवायचा चाकूही होता. आपल्याकडे घरोघरी असतो तो हा चाकू ओसाकाच्या ओकादा योशिओ यांनी १९५६ मध्ये काढला. चॉकलेटची वडी रेषेवर मोडते, तसे पाते का मोडू नये, असे त्यांच्या मनात आले. चॉकलेट आपण सगळेच खातो.

कटर मात्र वीसेक तऱ्हेचे होते. विक्रेत्या मुलाने मेहुण्यामार्फत माझा प्रश्न ऐकून घेतला आणि एक छोटासा कटर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. निइगाता भागातल्या त्सुबामे गावी होतो. ते गाव धातूच्या कामासाठी नावाजलेले आहे. किंमत पाच हजार येनच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे तीन हजार रुपये. पासपोर्ट दाखवला की परदेशी गिऱ्हाइकाला दहा टक्के कर माफ होता, हेही त्याने सांगितले. मी चिकटवायचे द्रावण मागितले, तेव्हा त्याने कागदावर विमान काढले, खाली ज्वाला काढली आणि वर मोठी फुली मारली. ते द्रावण पेट घेते. विमानात चालत नाही. मग त्याने कटरबरोबरचे पत्रक उलगडले. त्यावर तारेचे चित्र होते आणि त्या तारेवरही फुली होती.

ती फुली पाहिली आणि मी अकिहाबारातून थेट १९९१ च्या दिवाळीत गेलो.

अण्णांची स्वतःची एक जर्मन पक्कड होती. ओव्हरटाइमच्या पैशातून मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर घेतलेली. तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर असे. ती फक्त तांब्याच्या तारेसाठी. मी अकरा वर्षांचा. आकाशकंदील करताना कामट्या बांधायला पोलादी तार हवी होती आणि ती काही केल्या तुटेना. मी खुर्चीवर चढलो, पक्कड काढली आणि तार तोडली. कट् असा आवाज झाला. तारेबरोबर धारेचा टवकाही उडाला. मी पक्कड पुसून, होती तशी गुंडाळून ठेवून दिली. कंदील त्या वर्षी फार सुरेख झाला. त्याच्याकडे मला पाहवेना.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णांनी ती फडक्यासकट माझ्यासमोर ठेवली. रागावले नाहीत, काही विचारले नाही. "ही आता तुझी," एवढेच म्हणाले आणि कामावर गेले. मला वाटले, मारले असते तर बरे झाले असते. त्यानंतर मी घरातल्या कुठल्याच हत्याराला हात लावला नाही. पुढे मी आर्ट्‌सला गेलो. मला भाषेची ओढ होती हे खरे. पण कानशीची भीती नव्हती, असे मी शपथेवर सांगणार नाही.

"भाऊजी, घ्यायचाय ना?" मेहुण्याने विचारले. मी घेतला.

मुंबईला उतरल्यावर अधिकाऱ्याने सहज विचारले, बॅगेत काय आहे? वर्षानुवर्षांच्या सवयीने मी म्हणालो, "विशेष काही नाही, एक हत्यार आहे." पुढली दहा मिनिटे मी तुम्हाला सांगत नाही. शेवटी जीपच्या खोक्यावरचे चित्र पाहून तो हसला आणि म्हणाला, "सर, लहान मुलांसाठी आहे असं सांगायचं ना!"

घरी अण्णांनी कटर हातात घेतला. मोतिबिंदू काढलेला डोळा बारीक केला आणि उजेडात धरून पाहिला.

"एकाच पात्याला धार आहे," ते म्हणाले. "दुसरं सपाट आहे, ऐरणीसारखं. म्हणजे देठ दोन्हीकडून चिरडत नाही, एकाच बाजूनं कापला जातो. नेलकटरनं तुझं प्लॅस्टिक पांढरं पडायचं ते यामुळे." थोडे थांबून त्यांनी विचारले, "कितीचा?"

"पाचशे," मी म्हणालो.

त्या जूनमध्ये आम्ही जीप बांधायला घेतली. अण्णांचा हात थोडा कापतो, पण कापण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले. ते आकडा पाहून भाग कापत, मी घासत आणि चिकटवत असे. रोज रात्री जेवणानंतर एक तास. आम्ही दोघे इतका वेळ एका टेबलाशी कधी बसलो नव्हतो. बोलणे फारसे होत नसे. "कानस आडवी नको, एकाच दिशेनं," असे काहीतरी. पण त्याला आता शिकवणीचा वास येत नव्हता.

मग दोन दिवस ते टेबलाशी आलेच नाहीत. तिसऱ्या रात्री आले, वर्तमानपत्र पसरले, त्यावर कटर ठेवला आणि शेजारी भिंग ठेवले.

"चौकटच कापायला गेलो. जाड होती. टवका उडाला." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आणि पाचशेचा नाहीय हा. तेहतीस वर्षं हत्यारं हाताळलीत मी."

मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवाळीत तुमच्या पकडीनं तार मी तोडली होती."

"ठाऊक आहे. घरात दुसरं कोण तोडणार होतं?"

"मग काही बोलला का नाहीत?"

"बोललो की! 'ही आता तुझी' म्हणालो. तुझ्या हाताला हत्यार धरायची ओढ आहे, असं वाटलं मला. म्हटलं, खराब हत्यारावर हात बसू दे, मग नवीन घेऊन देऊ." त्यांनी भिंग पुसले. "तू पुन्हा हातच लावला नाहीस. मला वाटलं, पोराला आवड नाही."

आम्ही दोघेही थोडा वेळ जीपकडे पाहत बसलो. तिला अजून चाके लागायची होती. मग अण्णांनी कटर उचलला आणि आपल्या खिशात घातला.

"हा आता माझा," ते म्हणाले. "चौकटीतून भाग मोकळे करायला चालेल. बारीक कापायला तू दुसरा मागव."

मेहुणा दिवाळीला आला तेव्हा दुसरा घेऊन आला. जीप पुरी झाली. माझ्या शब्दकोशांपुढे उभी आहे. तिचे डावीकडचे मागचे चाक किंचित तिरपे बसले आहे. ते माझे काम. नागदेवीची पक्कड अण्णांनी माळ्यावरून काढली आणि आता तीन हत्यारे एका डब्यात असतात. त्यांतल्या दोघांना टवके आहेत.

सौभाग्यवती अजून विचारते, "उरलेली खोकी कधी होणार?" पूर्वी मी म्हणत असे, निवृत्त झाल्यावर, निवांत. आता तसे म्हणत नाही. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. बीटल आम्ही या पाडव्याला उघडणार आहोत.